स्व. वीरचंद राघवजी गांधी : वादातही समता

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आचार्यांची, मुनिवरांची आणि दानवीर श्रेष्ठींची चरित्रे येणे स्वाभाविकच आहे. संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला तेव्हा मी मात्र एका श्रावकाची निवड केली. त्यांनी दीक्षा घेतली नव्हती, मोठी संपत्ती मिळवली नव्हती, आणि आयुष्यही त्यांना फार लाभले नाही. वयाची सदतीस वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस उरले असता त्यांचे देहावसान झाले. तरीही सातासमुद्रापलीकडे, सर्व धर्मांच्या विद्वानांपुढे उभे राहून जैन दर्शन सांगणारा पहिला माणूस म्हणून इतिहासात त्यांचीच नोंद आहे.

ही निवड करण्यास कारण घडले ते आजच्या परिस्थितीचे. आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरच्या शहरांत, परदेशांत राहतात. वसतिगृहात, कचेरीत, मित्रमंडळींत त्यांना प्रश्न विचारले जातात. कंदमुळे का खात नाही? सूर्यास्तानंतर जेवण का नाही? जगाचा कर्ता मानत नाही, तर मग तुम्ही नास्तिक का? सन २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्या तीन आठवड्यांत तर सल्लेखना म्हणजे आत्महत्या नव्हे काय, हा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांना तोंडावर विचारला गेला. अशा वेळी आपल्याकडे साधारणतः दोनच गोष्टी घडतात. काही जण खाली मान घालून विषय बदलतात, आणि काही जण लाल होऊन आवाज चढवतात. दोन्ही प्रकारांत समोरच्याच्या पदरात काहीच पडत नाही. वीरचंदभाईंनी जे केले ते या दोहोंहून निराळे होते, आणि ते कसे साधले हे पाहण्यासाठी त्यांचे चरित्र थोडे मागून वाचावे लागते.

त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. पिताश्री राघवजी तेजपाल गांधी हे तेथील प्रतिष्ठित गृहस्थ. घरात धर्म होता, परंतु रूढीचे दास्य नव्हते. मृत्यूनंतर छाती पिटून आक्रोश करण्याची त्या काळी सर्वत्र असलेली चाल त्या घराला मान्य नव्हती, आणि १८९० साली पित्याचा स्वर्गवास झाला तेव्हा पुत्राने ती पाळली नाही. मॅट्रिकची परीक्षा भावनगर येथून उत्तम रीतीने देऊन ते मुंबईस आले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. ची पदवी त्यांनी सन्मानपूर्वक मिळवली. त्या काळी जैन समाजात पदवीधर माणूस दुर्मीळ होता. व्यापारी घरातला मुलगा हिशेबापुरते शिकला की पेढीवर बसे. (आमच्या पिढीपर्यंत हे चालूच होते. मला बी. कॉम. पर्यंत शिकू दिले, तेच पुष्कळ झाले असे घरी समजत.)

पदवी हाती आल्यावर एकविसाव्या वर्षी त्यांच्यावर जैन असोसिएशन ऑफ इंडियाच्या मानद मंत्रिपदाची जबाबदारी आली. समोर प्रश्न होता तो पालीताण्याचा. श्री शत्रुंजय गिरिराजाच्या यात्रेस जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूकडून पालीताणा संस्थान कर वसूल करी, आणि त्यावरून संघ व ठाकोर साहेब यांच्यात वर्षानुवर्षे कटुता होती. संस्थानिकाविरुद्ध उघड उभे राहणे त्या दिवसांत सोपे नव्हते. वीरचंदभाईंनी सभा गाजवण्याऐवजी कागद गोळा केले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठियावाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्याकडे त्यांनी वारंवार जाऊन बाजू मांडली. १८८६ साली तडजोड झाली. माणशी कर रद्द होऊन त्याऐवजी संघाने वर्षास ठरावीक १५,००० रुपये द्यावेत, आणि हा करार ४० वर्षे चालावा, असे ठरले.

व्यापारी माणसाच्या नजरेने पाहता या तडजोडीतले शहाणपण लगेच ध्यानात येते. रक्कम एकदा ठरली की तळेटीवर रोजची अडवणूक, मोजणी आणि अपमान हे सगळे आपोआप थांबते. संस्थानचे उत्पन्न बुडत नाही, यात्रेकरूची मान खाली जात नाही. पूर्ण विजय मिळवण्याचा हट्ट धरला असता तर कदाचित काहीच मिळाले नसते. पुढे १९२६ साली मुदत संपताच वाद पुन्हा पेटला, यात्रेकरूंनी गिरिराजाची यात्राच स्थगित केली, आणि १९२८ मध्ये वार्षिक ६०,००० रुपयांवर नवा करार झाला तेव्हा कोठे दर्शन सुरू झाले. बावीस वर्षांच्या त्या तरुणाने घडवलेल्या शांततेची किंमत समाजाला ती संपल्यावर कळली.

दुसरा प्रसंग श्री सम्मेदशिखरजीचा. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. १८९१ च्या सुमारास त्या पहाडावर एका इंग्रजाने डुकराच्या चरबीचा कारखाना काढला. संघ न्यायालयात गेला आणि खालच्या न्यायालयात निकाल विरुद्ध लागला. आता अपील कलकत्त्यास करावयाचे होते, आणि जुने दस्तऐवज होते बंगालीत. वीरचंदभाई कलकत्त्यास जाऊन काही महिने राहिले आणि चक्क बंगाली भाषा शिकले, जेणेकरून ते दस्तऐवज दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावे लागू नयेत. अपिलात निकाल संघाच्या बाजूने लागला आणि पहाडावरचा तो कारखाना बंद झाला.

वादात शांत कसे राहावे, असे कोणी विचारले तर मी प्रथम हा प्रसंग सांगेन. माणूस चिडतो तो बहुधा स्वतःच्या अपुऱ्या माहितीवर. समोरच्याने एखादा असा मुद्दा काढला की ज्याचे उत्तर आपल्यापाशी नाही, की आवाज वर जातो. ज्याने मूळ कागद स्वतः वाचला आहे त्याला आवाज चढवण्याची गरज भासत नाही. याच शिखरजीसाठी २०२२ च्या डिसेंबरात देशभरातील जैन समाज रस्त्यावर उतरला, मोर्चे निघाले, दुकाने बंद राहिली, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक हालचाली थांबवण्याचा आदेश काढला. समाजाची एकजूट अभिनंदनीयच होती. तथापि त्याच पहाडाला संथाळ बांधव मरांग बुरू म्हणून पूज्य मानतात, हे त्या मोर्च्यांत चालणाऱ्या किती जणांस ठाऊक होते? ते ठाऊक असल्याने आपली श्रद्धा तिळमात्र कमी होत नाही. बोलण्यातला ताठा तेवढा कमी होतो.

याच सुमारास मुंबईत वीरचंदभाई सॉलिसिटरच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते. १८९१-९२ मध्ये विलायतेहून नुकताच परतलेला एक तरुण बॅरिस्टर त्यांच्या सहवासात आला. तो म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. दोघांनी मिळून आहाराचे प्रयोग केले. महात्माजींनी आपल्या आत्मकथेत या दिवसांची आठवण नोंदवली आहे. न्यायालयात उभे राहिले की ज्याची वाचा बसे, अशा त्या तरुणाला वीरचंदभाई मुंबईच्या नामांकित वकिलांच्या गोष्टी सांगत. सर फिरोजशहा मेहता यांचा दबदबा कशामुळे, तर कायद्याच्या अथांग ज्ञानामुळे. पुराव्याचा संपूर्ण कायदा त्यांना मुखोद्गत आहे, असे ते सांगत. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या युक्तिवादाच्या सामर्थ्यासमोर न्यायाधीशही थक्क होतात, हेही सांगत. ऐकणारा तरुण त्या गोष्टींनी उमेद धरण्याऐवजी अधिकच घाबरला, हे महात्माजींनी प्रांजळपणे लिहिले आहे. पण सांगणाऱ्याच्या मनात कशाला महत्त्व होते ते यातून कळते. मोठ्या वकिलाच्या आवाजाचे कौतुक त्यांनी केले नाही, त्याच्या तयारीचे केले.

अमेरिकेचा शोध लागल्यास चारशे वर्षे झाली म्हणून शिकागो शहरात १८९३ साली भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्यास जोडून सर्वधर्मपरिषद बोलावण्यात आली होती. जैन धर्माच्या वतीने निमंत्रण आले ते प. पू. आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना. पंजाबात जन्मलेल्या या महापुरुषाची विद्वत्ता परदेशी पंडितांपर्यंत पोहोचली होती. पदयात्रेचे व्रत घेतलेल्या जैन साधूने जहाजात बसणे शक्यच नव्हते. परंतु निमंत्रण नाकारून स्वस्थ बसणेही महाराजांना मानवले नाही. त्यांनी परिषदेसाठी शिकागो प्रश्नोत्तर हा ग्रंथ सिद्ध केला आणि आपल्या वतीने वीरचंदभाईंना पाठवण्याचे ठरवले. वीरचंदभाई पंजाबात त्यांच्या चरणी राहून, शंका विचारून, तयारी करून मगच निघाले.

संघात या प्रवासास कडाडून विरोध झाला. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, परदेशात आहारशुद्धी राहणारच नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्याविषयी पुढे सांगतो.

त्यांचे त्या वेळचे छायाचित्र आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. डोक्यास घट्ट बांधलेली काठियावाडी पगडी, अंगावर लांब अंगरखा, खांद्यावर शाल. चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेल्या माणसाचे लक्ष आधी तिकडेच जाते, त्याला इलाज नाही. मुंबईच्या विश्वविद्यालयाचा पदवीधर, सॉलिसिटरच्या पेढीत वावरलेला, इंग्रजी अस्खलित बोलणारा हा माणूस. कोट-पाटलोण घालून व्यासपीठावर बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी घरचाच वेष ठेवला. त्यात प्रदर्शन नव्हते आणि संकोचही नव्हता. ज्या सभेत आपणास वेगळे म्हणूनच पाहिले जाणार आहे, तेथे वेगळेपण झाकण्यात अर्धी शक्ती खर्च करणाऱ्यास बोलण्यासाठी थोडीच उरते.

परिषद ११ सप्टेंबर ते २७ सप्टेंबर १८९३ अशी सतरा दिवस चालली. अध्यक्षस्थानी चार्ल्स बॉनी आणि मुख्य सूत्रे रेव्हरंड जॉन हेन्री बॅरोज यांच्याकडे. भारतातून स्वामी विवेकानंद होते, ब्राह्मो समाजाचे प्रतापचंद्र मजुमदार होते, मुंबईचे बी. बी. नगरकरही त्याच समाजाच्या वतीने बोलले. श्रीलंकेहून बौद्ध धर्माचे अनागारिक धर्मपाल आले होते. पहिल्या दिवशी प्रतिनिधींनी आपापला परिचय द्यावयाचा होता. वीरचंदभाईंचे त्या दिवशीचे बोलणे अगदी थोडके होते. आपण भारतातून, धर्मांच्या मातृभूमीतून आलो आहोत; आपण ज्या धर्माचे प्रतिनिधित्व करतो तो बौद्ध धर्माहून प्राचीन आहे, नीतितत्त्वांत त्याच्याशी साम्य असले तरी मनोविचारांत भिन्न आहे, आणि भारतातील पंधरा लाख शांतताप्रिय नागरिक तो पाळतात, एवढे सांगून, आत्मारामजी महाराजांच्या वतीने आभार मानून ते खाली बसले.

या थोडक्या वाक्यांचे महत्त्व आज लक्षात येणे कठीण आहे. त्या काळापर्यंत युरोपातील अनेक पंडित जैन धर्मास बौद्ध धर्माची शाखा समजत. हर्मन याकोबी यांनी आगमग्रंथांचे भाषांतर १८८४ साली प्रसिद्ध करून त्या समजुतीस धक्का दिला होता, पण ती सर्वत्र पुसली गेली नव्हती. वीरचंदभाईंनी त्या पंडितांची चूक दाखवून टीका केली नाही. वस्तुस्थिती काय आहे तेवढे एका वाक्यात ठेवले आणि पुढे गेले. धर्मपालांसारखा बौद्ध प्रतिनिधी शेजारी बसला असता त्याच्या धर्मास उणे न आणता आपले स्थान सांगणे, यात मला त्यांचे सर्व कौशल्य दिसते.

पुढे मुख्य भाषणात त्यांनी द्रव्यार्थिक आणि पर्यायार्थिक या दोन नयांचा विचार मांडला. द्रव्याच्या दृष्टीने पाहिले तर विश्वास आरंभ नाही आणि अंत नाही. पर्यायाच्या दृष्टीने पाहिले तर क्षणोक्षणी उत्पत्ती आणि विनाश चालू आहे. सृष्टी ईश्वराने निर्माण केली असे मानणाऱ्या श्रोत्यांसमोर हे सांगितले जात होते, हे ध्यानात घ्यावे. तुमचे मत खोटे, असे म्हणण्याऐवजी कोणत्या दृष्टीने पाहिले असता काय दिसते, हे त्यांनी दाखवले. आपल्या पाठशाळेत मुले हे नय पाठ करतात. ते परीक्षेपुरते नसून बोलण्याची एक रीत आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता परिषदेतील तो प्रसंग, ज्यासाठी हा लेख लिहिण्यास घेतला.

लंडनहून आलेले रेव्हरंड जॉर्ज पेंटेकॉस्ट यांनी आपल्या भाषणात हिंदू समाजावर कठोर टीका केली. दक्षिण भारतातील देवळांत पुजारिणी म्हणून शेकडो स्त्रिया असतात आणि त्यांचे चारित्र्य भ्रष्ट असते, हा त्या टीकेचा रोख. सभेत भारतीय प्रतिनिधी बसलेले होते. अपमान उघड होता.

येथे एक गोष्ट विसरू नये. टीका जैन धर्मावर नव्हती. जैन मंदिरांचे नावही कोणी घेतले नव्हते. वीरचंदभाई गप्प राहिले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. उलट, आमच्याकडे असे काही नाही, असे म्हणून स्वतःच्या धर्माचा मोठेपणा मिरवण्याची नामी संधी होती. आपल्या भाषणाची वेळ आली तेव्हा मूळ विषयास हात घालण्यापूर्वी त्यांनी या टीकेस उत्तर दिले, आणि ते उत्तर शेजाऱ्यासाठी होते.

त्यांनी काय सांगितले, त्याचा आशय असा. हे व्यासपीठ परस्परांस दूषणे देण्यासाठी नाही, आणि येथे दिवसेंदिवस ख्रिस्ती वृत्तीस न शोभणारे बोलणे चालू द्यावे याचे त्यांना दुःख होते. आपल्या धर्मावर कोणी हल्ला केला नाही याचा त्यांनी उल्लेख केला. परंतु जे हल्ले झाले ते सर्व समाजातील दोषांवर आहेत, धर्मतत्त्वांवर नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केले. असे दोष प्रत्येक देशात आहेत आणि ते धर्मामुळे नसून धर्म असूनही टिकून राहिलेले आहेत. शिवीगाळ हा एखाद्या धर्माविरुद्धचा पुरावा होत नाही, तसेच आत्मस्तुतीने स्वतःचा धर्म खरा ठरत नाही. दक्षिणेतील काही देवळांत गाण्यासाठी स्त्रिया असतात, त्यांतील काहींचे वर्तन संशयास्पद आहे, हे त्यांनी नाकारले नाही. हिंदू समाजास त्याची बोच आहे आणि तो ती प्रथा दूर करण्याच्या प्रयत्नात आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र त्या पुजारिणी असतात, हे विधान त्यांनी ठामपणे खोडून काढले.

उपरोध त्यांच्या बोलण्यात होता. भारतात जाऊन एका फेरीत सर्वांचे धर्मांतर करू पाहणारे, आणि ते स्वप्न विरले की उरलेले आयुष्य हिंदूंस शिव्याशाप देण्यात घालवणारे प्रचारक, यांचा त्यांनी चांगलाच समाचार घेतला. तेव्हा शांत राहणे म्हणजे मिळमिळीत बोलणे, अशी कोणाची समजूत असेल तर ती येथे टिकत नाही. पण उपरोध होता तो एका वृत्तीवर. येशू ख्रिस्ताविषयी किंवा ख्रिस्ती धर्माविषयी एकही अनुदार शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. देवदासी प्रथेविषयी त्यांनी जे सांगितले ते त्या प्रथेची तीव्रता थोडी कमी करणारे होते, असे आज वाटते. ती प्रथा काही देवळांपुरती नव्हती. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागात ती कितीतरी नंतरपर्यंत चालली, मुंबई प्रांतात १९३४ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि महाराष्ट्र शासनास २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. परक्याच्या सभेत आपल्या माणसांची बाजू घेताना एवढी ओढ लागणे मनुष्यस्वभावास धरून आहे. तरीही दोष मुळातच नाही, असे त्यांनी म्हटले नाही, आणि म्हणूनच ते उत्तर सव्वाशे वर्षांनंतरही वाचवते. आपल्या सभांमधून होणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. समोरच्याच्या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करून मग बोलणारे वक्ते बोटांवर मोजण्याइतकेच आठवतात.

त्याच भाषणात त्यांनी अकबर बादशहाची एक गोष्ट सांगितली. पोर्तुगीजांनी एका जहाजावर सापडलेल्या कुराणाच्या प्रती कुत्र्यांच्या गळ्यात बांधून रस्त्यातून फिरवल्या. पुढे बादशहाच्या लोकांच्या हाती पोर्तुगीजांचे जहाज लागले आणि त्यात बायबल सापडले. बादशहाच्या मातोश्रींनी आग्रह धरला की हे बायबल गाढवाच्या गळ्यात बांधून शहरभर फिरवावे. अकबराने ते मानले नाही. त्या लोकांनी अज्ञानाने जे केले त्याचा सूड एका निरपराध ग्रंथावर कसा घ्यावयाचा, असा त्याचा विचार होता. मुसलमान बादशहाची गोष्ट, ख्रिस्ती श्रोत्यांसमोर, हिंदूंच्या बाजूने, एका जैनाने सांगावी! याहून अनेकांताचे दुसरे उदाहरण शोधण्यास जावे लागू नये. निरोपाच्या दिवशी त्यांनी हत्ती आणि आंधळ्यांची आपल्या सर्वांच्या परिचयाची कथा सांगितली आणि परिषदेचा निरोप घेतला.

परिषद संपल्यावर ते लगेच परतले नाहीत. अमेरिकेतील अनेक शहरांतून व्याख्याने दिली, वॉशिंग्टन येथे गांधी फिलॉसॉफिकल सोसायटी स्थापन केली, पुढे इंग्लंडमध्येही वर्ग चालवले. भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत एक संस्था उभी केली. कर्म, योग, शाकाहार, भारतीय समाजरचना असे त्यांचे विषय असत. याच काळात नोटोविच नावाच्या लेखकाच्या, येशूच्या भारतवासाविषयीच्या पुस्तकाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. ते पुस्तक पुढे विद्वानांनी बनावट ठरवले, तेव्हा त्या बाबतीत वीरचंदभाईंचा विश्वास चुकीच्या जागी पडला, असेच म्हणावे लागते. एवढ्या धावपळीत व्रतनियम आणि आहारशुद्धी त्यांनी सांभाळली.

आणि तरीही, १८९५ साली ते मुंबईस परतले तेव्हा कसोटी वाट पाहत होती. काहींनी सत्कार केले. काहींनी त्यांना संघाबाहेर टाकावे, अशी मागणी केली. समुद्रपर्यटन केले, परदेशी अन्नपाणी घेतले असलेच पाहिजे, असे आरोप झाले. माझ्या मते शिकागोपेक्षा हा वाद अवघड होता. परक्याने केलेली टीका माणूस परकी म्हणून सोसतो; आपल्याच उपाश्रयात, आपल्याच माणसांकडून झालेली टीका काळजाला लागते. शिवाय परदेशी मिशनऱ्यापुढे जे पांडित्य चालते ते घरच्या वडीलधाऱ्यांपुढे चालत नाही. येथे वीरचंदभाईंनी वाद वाढवला नाही. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी ठाम उभे होते, तरीही त्या आधारावर त्यांनी विरोधकांना खाली पाहावयास लावले नाही. शुद्धीसाठी गुरुजनांनी सुचवलेला पूजाविधी त्यांनी विनातक्रार केला, असे चरित्रकार सांगतात. आपण चुकलो आहोत असे मानून नव्हे, तर एका पूजेने संघातील कलह मिटत असेल तर पूजा करण्यात कमीपणा कसला, या भावनेने, असे मला वाटते. प्रवासाची आवश्यकता मात्र त्यांनी कधीही नाकारली नाही. पुढील वर्षीच ते पुन्हा जहाजात बसले, आणि या खेपेस पत्नी व पुत्र यांना बरोबर घेऊन! विरोधकांना दिलेले हेच त्यांचे उत्तर समजावयाचे.

मधल्या काळात, १८९५ च्या डिसेंबरात पुण्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेस मुंबईचे प्रतिनिधी म्हणून ते उपस्थित होते. मुंबईत धर्माभ्यासाचे वर्गही त्यांनी चालवले. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात अमेरिकेतील मित्रांना हाक देऊन त्यांनी मक्याने भरलेले जहाज कलकत्त्यास पाठवण्याची व्यवस्था केली आणि रोख मदतही मिळवली. त्या मदत समितीचे नेतृत्व शिकागो परिषदेचे तेच चार्ल्स बॉनी करीत होते. चार वर्षांपूर्वी भर सभेत ख्रिस्ती प्रचारकास सडेतोड उत्तर देणाऱ्या माणसाच्या एका हाकेस ख्रिस्ती समाजाने धान्याचे जहाज भरून दिले, हे त्या उत्तराच्या सुराविषयी पुष्कळ काही सांगून जाते. शब्दांनी जखमा केल्या असत्या तर हे घडले नसते.

प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. १९०१ मध्ये ते आजारी अवस्थेतच परतले आणि ७ ऑगस्ट रोजी मुंबई येथे त्यांची प्राणज्योत मालवली. समाजाने त्यांना बराच काळ विस्मृतीत ठेवले, हे कबूल केले पाहिजे. स्वामी विवेकानंदांचे शिकागो भाषण शाळेच्या पुस्तकांत आले; त्याच व्यासपीठावर बसलेल्या या श्रावकाचे नाव आमच्या लहानपणी पाठशाळेतही कोणी घेतले नाही. शिकागोच्या जैन मंदिरात त्यांचा पुतळा बसला आणि २००२ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तेव्हा अनेकांनी ते नाव प्रथमच ऐकले.

लंडनमध्ये त्यांची व्याख्याने ऐकणाऱ्यांत हर्बर्ट वॉरन नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. ते व्याख्यानांची टिपणे नीट लिहून ठेवीत. त्यांनी मांसाहार सोडला, जैन धर्म स्वीकारला आणि आयुष्यभर पाळला. वीरचंदभाईंच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९१२ साली, त्याच टिपणांच्या आधारे त्यांनी जैन धर्मावर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यातील विवेचन मुख्यतः आपल्या या भारतीय गुरूचे आहे, हे त्यात नमूद केले.